क्रमांक सहा ते क्रमांक ब्याण्णव

राज्यघटनेची नववी अनुसूची म्हणजे नुसती कायद्यांच्या नावांची यादी. क्रमांक, कायद्याचं नाव, वर्ष, एवढंच. पण कोकणातल्या कुळाच्या घरात जन्मलेल्या माणसाने तिची सुरुवात वाचली, तर अंगावर काटा येतो. क्रमांक दोनवर मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायदा, १९४८. क्रमांक सहावर खोती रद्द करणारा कायदा. सातवर परगणा व कुलकर्णी वतनं रद्द करणारा. १९५१ साली ही यादी घटनेला जोडली गेली तेव्हा तिच्यात सगळे मिळून १३ कायदे होते, आणि त्यांतले ६ एकट्या मुंबई राज्याचे होते.

माझे आजोबा रत्नागिरी जिल्ह्यात खोताच्या जमिनीत भात लावायचे. भाताचा अर्धा वाटा खोताचा, वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीत तिसरा हिस्सा. अर्धेल आणि तिर्धेल हे शब्द आजीच्या तोंडी असायचे, तिच्या लेखी ते रोजच्या हिशेबाचे शब्द होते. वर खोताकडची वेठ वेगळी. घरात शिजणारा भात आपला किती आणि त्याचा किती, हे ठरवणारा माणूस गावातच राहायचा आणि त्याच्यासमोर कोणी चप्पल घालून जात नसे. ही पद्धत मोडावी म्हणून डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडलं होतं. अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी शेतकरी पुढारी नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून १९३३ पासून काही वर्षं शेतं पडीक ठेवली. उपाशी राहिले, पण लावणी केली नाही. इतकं झाल्यावर स्वातंत्र्यानंतर कायदा आला, आणि १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला. कसणारा त्या दिवशी जमिनीचा मालक मानला गेला.

हे सगळं आधी सांगते, कारण संसदेच्या अधिकारांना मर्यादा हव्यात असं मी म्हणते तेव्हा आमच्याकडचे लोक मला हाच प्रश्न विचारतात. संसदेला मर्यादा असत्या तर तुझ्या आजोबांच्या नावावर सातबारा झाला असता का? प्रश्न बिनतोड आहे. मालमत्तेचा हक्क १९५० च्या घटनेत मूलभूत हक्क होता आणि जमीनदारांनी लगेच त्याचा आधार घेतला. पाटणा उच्च न्यायालयाने मार्च १९५१ मध्ये बिहारचा जमीन सुधारणा कायदा रद्द ठरवला. संसदेने काही महिन्यांतच पहिली घटनादुरुस्ती केली, कलम ३१-ब आणलं, नववी अनुसूची जोडली. या यादीत जो कायदा जाईल तो मूलभूत हक्कांशी विसंगत आहे म्हणून कुठलंही न्यायालय त्याला रद्द म्हणू शकणार नाही, अशी ती तरतूद. कायदेमंत्री आंबेडकर होते आणि त्यांनी ही दुरुस्ती संसदेत उचलून धरली. त्या दिवसांत मी असते तर मीही हात वर केला असता, आणि आजही करीन.

पण त्याच दुरुस्तीने भाषणस्वातंत्र्यावर बंधनं घालायची सरकारची मुभाही वाढवली. मुंबईहून निघणाऱ्या 'क्रॉसरोड्स' साप्ताहिकावर मद्रास सरकारने घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने उठवली होती. हे त्याचं उत्तर होतं. एकाच विधेयकात कुळाला जमीन देणारी तरतूद आणि बोलणाऱ्याचं तोंड आवळणारी तरतूद शेजारी शेजारी बसल्या. आणि हे करणारी संसदही हंगामी होती, पहिली सार्वत्रिक निवडणूक अजून व्हायची होती.

नंतर ही यादी वाढत गेली. १९६४ च्या सतराव्या घटनादुरुस्तीने तिच्यात एकदम ४४ कायदे घातले. बहुतेक जमिनीचेच होते. १९७५ च्या ऑगस्टमध्ये खाणी आल्या, कारखान्यांचं व्यवस्थापन ताब्यात घेणारे कायदे आले. त्यांच्याच सोबत क्रमांक ८७ वर लोकप्रतिनिधित्वाचा कायदा आला आणि क्रमांक ९२ वर अंतर्गत सुरक्षा कायदा, म्हणजे मिसा. पुढच्या वर्षी १३० क्रमांकावर 'आक्षेपार्ह मजकूर' छापण्याला बंदी करणारा कायदा. खोती मोडण्यासाठी बांधलेल्या भिंतीच्या आड विनाचौकशी तुरुंगात टाकणारा कायदा येऊन बसला. भिंत तीच होती आणि तिला लागलेलं बहुमतही तेवढंच होतं. सहापासून ब्याण्णवपर्यंत वाचत गेलं की संसदेला घातलेली प्रत्येक मर्यादा लोकांच्या विरोधात असते, हे म्हणणं माझ्या गळी उतरेनासं होतं.

सतराव्या दुरुस्तीला आव्हान मिळालं तेव्हा सर्वोच्च न्यायालयात पाच न्यायाधीश बसले होते. सज्जन सिंग खटला. सरन्यायाधीश गजेंद्रगडकर साताऱ्याचे. त्यांनी बहुमताचा निकाल लिहिला : संसद घटनेचा कुठलाही भाग बदलू शकते, मूलभूत हक्कसुद्धा. बाकीच्या चौघांत दोघे जण पूर्वी नागपूरच्या उच्च न्यायालयात न्यायाधीश होते, हिदायतुल्ला आणि जनार्दन रघुनाथ मुधोळकर. दोघांनी निकालाशी भांडण केलं नाही, पण दोघांनी आपापली शंका लिहून ठेवली. हिदायतुल्ला म्हणाले, घटनेने मूलभूत हक्कांची इतकी आश्वासनं दिली आहेत, ती विशेष बहुमताच्या हातातलं खेळणं असतील असं मानणं अवघड आहे. मुधोळकरांनी विचारलं की घटनेच्या एखाद्या पायाभूत वैशिष्ट्यातच बदल केला तर त्याला दुरुस्ती म्हणायचं, की ते घटनेचा तो भाग नव्याने लिहिणं झालं? आणि नव्याने लिहिणं असेल तर कलम ३६८, म्हणजे घटनादुरुस्तीचं कलम, त्याची परवानगी देतं का? हा विचार मांडताना त्यांनी आधार घेतला होता पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९६३ मधल्या एका निकालाचा, न्यायमूर्ती कॉर्नेलियस यांच्या न्यायालयाचा. अमरावतीच्या माणसाने लाहोरच्या विचारातून दिल्लीत विचारलेला हा प्रश्न आपल्या शाळांतून शिकवला जात नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं. ज्याला आज जगभर भारताची देणगी म्हणतात त्या मूलभूत चौकटीच्या सिद्धान्ताचं बी त्या काही ओळींत आहे.

काही महिन्यांतच, फेब्रुवारी १९६५ मध्ये, डिट्रिच कॉनराड नावाचे जर्मन प्राध्यापक बनारसला बोलायला आले. त्यांनी श्रोत्यांपुढे टोकाची उदाहरणं ठेवली. दोन-तृतीयांश बहुमताने भारताचे दोन देश करता येतील का? आपलं बहुमत आटत चाललंय हे पाहून सत्ताधारी पक्षाने घटना बदलण्याचा सगळा अधिकार राष्ट्रपतींच्या हाती दिला तर? जर्मन माणूस हे विचारतो तेव्हा त्यात १९३३ असतं, हिटलर सत्तेवर आला ते वर्ष. त्याआधीच्या जर्मनीची, वायमार प्रजासत्ताकाची, संसदही मतदान करूनच बाजूला झाली होती. म्हणून युद्धानंतरच्या जर्मन घटनेने काही कलमं कायमची बदलता येणार नाहीत असं स्पष्ट लिहूनच टाकलं. आपल्या घटनेत तसं वाक्य नाही.

पुढचा मोठा खटला गोलकनाथचा, १९६७. सहा विरुद्ध पाच मतांनी न्यायालयाने सांगितलं की मूलभूत हक्कांना संसद हातच लावू शकत नाही. मला हा निकाल कधी पटला नाही. मालमत्तेचा हक्क जसाच्या तसा कायमचा गोठवणं म्हणजे खोताच्या बाजूने जाऊन बसणं. संसदेने चोविसाव्या दुरुस्तीने तो उलटवला, आणि मग सगळा गुंता केशवानंद भारतींच्या याचिकेत आला. ते केरळात कासरगोडजवळच्या एडनीर मठाचे प्रमुख. मठाच्या जमिनीवर केरळच्या जमीन सुधारणा कायद्याची टाच आली होती. १३ न्यायाधीश, ३१ ऑक्टोबर १९७२ पासून ६८ दिवसांचा युक्तिवाद. मठाच्या बाजूने मुंबईचे नानी पालखीवाला, केरळ सरकारच्या बाजूने मुंबईचेच एच. एम. सिरवई. निकाल लागला २४ एप्रिल १९७३ रोजी, सरन्यायाधीश सिक्री निवृत्त होण्याच्या आदल्या दिवशी. सात विरुद्ध सहा. संसद घटनेचं कुठलंही कलम दुरुस्त करू शकते, मूलभूत हक्कांचंसुद्धा, पण घटनेची मूलभूत चौकट मोडू शकत नाही.

या खटल्यात मठाला जमीन परत मिळाली नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. जमीन सुधारणा कायदे यादीत घालणारी एकोणतिसावी दुरुस्ती न्यायालयाने वैध ठरवली. निर्णायक मत न्यायमूर्ती एच. आर. खन्नांचं होतं आणि मालमत्तेचा हक्क चौकटीचा भाग नाही असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे जमिनीच्या प्रश्नावर संसद जिंकली. ती हरली ते 'आम्ही वाट्टेल ते करू शकतो' या एका दाव्यावर.

निकालाच्या दुसऱ्याच दिवशी सरकारने शेलत, हेगडे आणि ग्रोव्हर या तीन ज्येष्ठ न्यायाधीशांना डावलून ए. एन. रे यांना सरन्यायाधीश केलं. डावलले गेलेले तिघे बहुमताच्या बाजूचे होते, रे विरुद्ध बाजूचे. तिघांनी राजीनामे दिले.

तरीही १९७३ पर्यंत हा वाद विद्वानांचाच होता असं कुणी म्हणालं तर मी फार विरोध करणार नाही. चौकट म्हणजे काय, ती ठरवणार कोण, हे प्रश्न हवेत होते. ते जमिनीवर आले ऑगस्ट १९७५ मध्ये. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १२ जूनला इंदिरा गांधींची निवडणूक रद्द केली होती. २५ जूनला आणीबाणी आली. अपिलाची सुनावणी सर्वोच्च न्यायालयात ११ ऑगस्टला होती. गुरुवारी, ७ ऑगस्टला, एकोणचाळिसावी घटनादुरुस्ती लोकसभेत मांडली गेली आणि त्याच दिवशी मंजूर झाली. शुक्रवारी राज्यसभा. शनिवारी राज्यांच्या विधानसभा बोलावून त्यांची संमती घेतली. रविवारी राष्ट्रपतींची सही. सोमवारी न्यायालय उघडलं तेव्हा घटनेतच लिहिलेलं होतं की पंतप्रधानांच्या झालेल्या निवडणुकीला निवडणुकीचा कायदा लागू नव्हता असं समजावं, ती निवडणूक वैध आहे, आणि उच्च न्यायालयाचा निकाल रद्द आहे.

या चार दिवसांकडे नीट पाहायला हवं. कुठलाही नियम मोडलेला नाही. दोन-तृतीयांश बहुमत आहे, राज्यांची संमती आहे, सही आहे. विरोधी पक्षांचे कितीतरी खासदार तुरुंगात होते, पण मतमोजणीत ते दिसत नाही. कलम ३६८ ची प्रत्येक पायरी चढून संसदेने एका व्यक्तीच्या एका खटल्याचा निकाल घटनेत लिहून टाकला. त्याच शनिवारी राज्यसभेने आणखी एक विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपती, पंतप्रधान, राज्यपाल यांच्यावर फौजदारी खटला कधीच भरता येणार नाही, पदावर येण्याआधीच्या गुन्ह्यांसाठीही नाही आणि पदावरून गेल्यानंतरही नाही, असं त्यात होतं. ते लोकसभेत कधी आणलं गेलं नाही. पण दोन्ही सभागृहांत बहुमत होतं. आणलं असतं तर झालं असतं.

सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबरला पंतप्रधानांची निवडणूक वैध ठरवली, पण ती पूर्वलक्षी प्रभावाने बदललेल्या निवडणूक कायद्याच्या आधारे. घटनेत घुसवलेलं ते कलम मात्र खोडलं. केशवानंद निकालानंतर मूलभूत चौकटीचा सिद्धान्त वापरून दुरुस्तीतलं कलम रद्द होण्याची ही पहिली वेळ. खन्नांनी लिहिलं की मुक्त आणि न्याय्य निवडणुका चौकटीचा भाग आहेत. पुण्याचे यशवंत विष्णु चंद्रचूड केशवानंद खटल्यात अल्पमतात होते, चौकट वगैरे त्यांनी मानलं नव्हतं. या वेळी त्यांनीही ते कलम खोडलं. सगळ्यांना लागू असणारा कायदा एका व्यक्तीपुरता उठवायचा, हे कायद्याच्या राज्यात बसत नाही, असा त्यांचा सूर होता. त्यानंतर तीनच दिवसांनी सरन्यायाधीश रे यांनी केशवानंद निकालाचा फेरविचार करायला पुन्हा १३ न्यायाधीश बसवले. पालखीवाला उभे राहिले. १२ नोव्हेंबरला ते खंडपीठ बरखास्त करावं लागलं.

चंद्रचूडांबद्दल मला नेहमी दोन मनं होतात. एप्रिल १९७६ मध्ये जबलपूर खटल्यात आणीबाणीत कैद झालेल्याला न्यायालयात दाद मागता येत नाही असं म्हणणाऱ्या चौघांत ते होते. एकटे खन्ना विरोधात गेले आणि त्यांचं सरन्यायाधीशपद हुकलं. ते चार जण महाराष्ट्रातल्या तुरुंगांत बसलेल्या शेकडो माणसांना काय सांगत होते, हे मी विसरू शकत नाही. आणि तेच चंद्रचूड १९८० साली मिनर्व्हा मिल्स खटल्यात लिहितात की घटनेने संसदेला दुरुस्तीचा मर्यादित अधिकार दिला आहे, आणि तो मर्यादित अधिकार वापरून संसद स्वतःचा अधिकार अमर्याद करून घेऊ शकत नाही. या विषयावर इतकं नेमकं वाक्य मी दुसरं वाचलेलं नाही. सिरवईंचंही तसंच. केशवानंद खटल्यात ज्या सिद्धान्ताविरुद्ध ते उभे होते, तो आणीबाणी पाहिल्यावर आपल्या घटनेवरच्या ग्रंथाच्या पुढच्या आवृत्तीत त्यांनी मान्य केला. मोठ्या माणसांनी उघडपणे मत बदलावं इतकी ती दोन वर्षं जड होती.

मिनर्व्हा मिल्सने जे खोडलं ते बेचाळिसाव्या दुरुस्तीतलं कलम होतं. संसदेच्या दुरुस्तीच्या अधिकारावर 'कुठलीही मर्यादा असणार नाही', असं ते चक्क लिहीत होतं. ही दुरुस्ती १९७६ च्या नोव्हेंबरमध्ये मंजूर करणारी लोकसभा मार्च १९७१ मध्ये निवडून आलेली होती. तिची पाच वर्षं संपून गेली होती. तिने स्वतःची मुदत वाढवून घेतली होती, आणि याच दुरुस्तीने लोकसभेची मुदत सहा वर्षांची करून टाकली. मतदारांनी दिलेला वेळ संपलेली सभा सांगत होती की यापुढे आम्हाला कुठलीही मर्यादा नाही.

मला वाटतं, मर्यादेचं खरं कारण इथे आहे. लोक म्हणतात, संसद म्हणजे लोक, मग तिला अडवणारे मूठभर न्यायाधीश कोण? पण कुठली संसद? १९७६ ची संसद, की मार्च १९७७ मध्ये लोकांनी निवडलेली? दोन्ही लोकांच्याच. पहिलीने दुसरी येण्याची वाटच बंद केली असती तर लोकांचा कौल कुठे राहिला असता? मर्यादा या आजच्या संसदेला उद्याच्या संसदेपासून चोरी करू देत नाहीत. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या शेवटच्या भाषणात अमेरिकेच्या जेफरसनचा दाखला दिला होता : प्रत्येक पिढी हे एक वेगळं राष्ट्र समजावं, तिने स्वतःला बांधून घ्यावं, पण पुढच्या पिढीला बांधण्याचा तिला हक्क नाही. त्यांनी तो दाखला घटना बदलायला सोपी का असावी हे सांगायला दिला होता. ज्यांना ही घटना पसंत नाही त्यांनी दोन-तृतीयांश बहुमत मिळवावं, असंही ते त्याच भाषणात म्हणाले. चौकटीच्या विरोधातले लोक हे वाक्य हमखास काढतात, आणि ते खरंच तिथे आहे. पण जेफरसनचा विचार शेवटपर्यंत नेला तर पुढच्या पिढीचं मत देणं, न्यायालयात जाणं, आजचा कायदा उद्या रद्द करणं, यांतलं काहीच आजच्या बहुमताला काढून घेता येत नाही. बाकी सगळं बदला. मालमत्तेचा मूलभूत हक्क १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने संसदेने काढून टाकलाच. चौकट कोसळली नाही. त्याच दुरुस्तीने लोकसभेची मुदत पाच वर्षांवर आणली, आणि नवव्या अनुसूचीतून ८७, ९२ आणि १३० हे तीन क्रमांक वगळले.

महाराष्ट्राचा कमाल जमीन धारणा कायदाही या कसोटीतून गेला. वामनराव खटल्यात जमीन गमावणाऱ्यांनी चौकटीचा आधार मागितला. न्यायालयाने कायदा टिकवला आणि एक तारीख आखून दिली : २४ एप्रिल १९७३ पूर्वी यादीत गेलेले कायदे सुरक्षित, त्यानंतर घातलेले चौकटीच्या कसोटीवर तपासले जातील. २००७ मध्ये नऊ न्यायाधीशांनी एकमताने हेच पक्कं केलं.

न्यायाधीशांना हा अधिकार दिला की तेही त्याचा गैरवापर करू शकतात, ही भीती मला रास्त वाटते. न्यायाधीशांच्या नेमणुकांसाठी न्यायिक नियुक्ती आयोग आणणारी नव्व्याण्णवावी दुरुस्ती जवळजवळ एकमताने मंजूर झाली होती. २०१५ मध्ये चार विरुद्ध एक मतांनी न्यायालयाने ती रद्द केली. आपल्या नेमणुका आपणच करायच्या हा चौकटीचा भाग आहे, असं न्यायाधीशांनीच म्हणणं मला पटलं नाही. न्यायमूर्ती चेलमेश्वर यांचं विरोधी मत मला अधिक सरळ वाटतं. त्या दुरुस्तीने पुढची निवडणूक अडत नव्हती, कुणाची दाद मागण्याची वाट बुजत नव्हती. सिद्धान्त जितका कमी वेळा वापरला जाईल तितका तो खरा राहील.

आणि जमिनीचा प्रश्न त्याने सुटत नाही, हेही सांगायला हवं. कोकणात आज प्रकल्पांसाठी ज्यांच्या जमिनी जातात त्यांत त्या काळच्या कुळांची नातवंडं आहेत. मालमत्तेचा मूलभूत हक्क त्यांच्याकडे नाही, कलम ३००-अ एवढंच आहे : कायद्याशिवाय काढून घेता येणार नाही. कायदा संसद किंवा राज्याचं विधिमंडळच करतं. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात खासगी प्रकल्पासाठी ८० टक्के जमीनमालकांची संमती लागेल असं आलं, खासगी भागीदारीच्या प्रकल्पांना ७० टक्के. डिसेंबर २०१४ मध्ये ही अट सैल करणारा वटहुकूम निघाला, पुन्हा निघाला, तिसऱ्यांदा निघाला. कुठल्याही न्यायालयाने तो अडवला नाही. राज्यसभेत बहुमत नव्हतं, शेतकरी रस्त्यावर होते, निवडणुका पुढ्यात होत्या. ऑगस्ट २०१५ अखेर सरकारने तो व्यपगत होऊ दिला. तालुक्याच्या बैठकांना मी जायचे त्या काळात कोणी मूलभूत चौकटीचं नाव काढत नसे. लोक विचारायचे, आपल्या खासदाराने कुठे मत दिलं, आणि पुढच्या वेळी त्याला मत द्यायचं की नाही.